गजालींची क्रमवारी : नोंद चौथी

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की सूत्र बसलं. बसलं कसलं, आडवं झालं.

नव्या मंडळींसाठी: आम्ही मालवणातल्या सात-आठ जणांनी लिहिलेल्या ६४ गजाली, म्हणजे गप्पांतले किस्से, एका छोट्या ॲपमध्ये आहेत. त्यांतली कुठली वर दिसावी, हे ठरवायचा उद्योग माझा.

पहिलं सूत्र वाचनाच्या वेळेवर होतं. गजाल जितका वेळ उघडी, तितके गुण. आषाढभर एक रटाळ गजाल वर ठाण मांडून बसली. चौकशी केली, तर लोक ती उघडी ठेवून नारळ खवायला बसत होते! पाच मिनिटांवरचा वेळ मोजणं बंद केलं, तरी लांबलचक गजालींचं फावतच राहिलं.

म्हणून गणपतीत मतं घेतली: 'आवडली' किंवा 'नाय'. चाकरमानी आलेले, त्यात आमच्यातल्या एकाची भावकी मोठी. आरती संपली की प्रसादाआधी मतदान. नुसती बेरीज सोडून टक्केवारी धरली, तर पाचपैकी पाच मतंवाली गजाल ४८पैकी ४० वालीच्या डोक्यावर. इथे विल्सन या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाचं १९२७ चं सूत्र कामी आलं. मतं थोडी असली की ते हात राखून गुण देतं. ९५ टक्के विश्वासाची खालची मर्यादा (म्हणजे खरी पसंती निदान एवढी तरी असावी असा आकडा) धरली, तर पाचपैकी पाचला ०.५७ आणि ४८पैकी ४० ला ०.७०. भावकीवर मात्र विल्सनकडेही औषध नाही.

खरा घोळ शेजारच्या काकींनी दाखवला. म्हणाल्या, "पयल्यो दोन-तीन वाचतंय. सगळ्यो वाचूक येळ खय असता?"

म्हणजे वरची गजाल वर आहे म्हणूनच मतं खाते. सालगानिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांचा २००६ चा प्रयोग आठवला: ४८ अनोळखी गाणी, चौदा हजारांवर श्रोते, आणि त्यांचे वेगवेगळे गट. आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं, हे दिसू लागताच प्रत्येक गटाची आवड वेगळीच निघाली. मीही निम्म्या फोनांवर क्रम रोज पिसायला लावला. तळातली 'होडीतला बोकड' आठवड्यात पहिल्या दहात! दोन महिने मी सूत्र की मतं म्हणून डोकं फोडत होतो, आणि पाणी मुरत होतं मांडणीत.

आता दोन गजाली समोर ठेवून एक निवडायला सांगतो. गुण बुद्धिबळातल्या एलो पद्धतीने: सुरुवात १५००, के (एका लढतीत जास्तीत जास्त किती गुण हलतील तो आकडा) ३२, त्यामुळे सारख्या गुणांच्या जोडीत जिंकणारीला १६. एकूण जोड्या २०१६. सगळ्या दाखवायची गरज नाही, पण कुठली जोडी आधी दाखवायची हे परत मीच ठरवणार. आली का पंचाईत? सध्या चिठ्ठ्या टाकल्यासारखी कुठलीही येते.

अडकलोय ते वेगळ्याच ठिकाणी. भुताची गजाल बोकडाला हरवते, बोकड लग्नाच्या गजालीला, आणि लग्न भुताला. काँदोर्से या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ मध्येच हा फेरा दाखवून ठेवलाय. एलो तिघींना १५२० च्या आसपास चिकटवून मोकळा होतो, आणि मला ते पटत नाही. विषयवार तीन वेगळ्या याद्या करून बघणार आहे. भूत आणि लग्न एकाच गजालीत असलेल्या दोन आहेत. त्या कुठे टाकू, तेवढं सुचवा.