देठाच्या उंचीवरून: सह्याद्रीतल्या इवल्या अळंब्यांचे फोटो

आषाढ-श्रावणात आंबोली किंवा भीमाशंकरच्या जंगलात कुजक्या काटक्यांवर मॅरास्मियस आणि मायसिना या गटांतल्या अळंब्या उगवतात. टोपी जेमतेम ५ ते १५ मिलिमीटर, आणि देठ घोड्याच्या केसाइतका बारीक. उभ्याने फोटो काढला तर नुसता वरचा गोल ठिपका मिळतो. खरं रूप टोपीखाली असतं, छत्रीच्या काड्यांसारख्या पसरलेल्या पडद्यांमध्ये. म्हणून कॅमेरा देठाच्या उंचीवर न्यायचा, थोडा खालूनच.

एवढ्या खाली बहुतेक ट्रायपॉड जात नाहीत. मधली दांडी उलटी लावता येते, पण कॅमेरा उलटा लटकतो आणि बटणं चाचपत बसावं लागतं. त्यापेक्षा अर्धा किलो तांदूळ झिपच्या प्लास्टिक पिशवीत भरून ती कापडी थैलीत घाला आणि कॅमेरा त्यावर टेकवा. नुसत्या कापडात भरलेले तांदूळ पावसात भिजून आंबतात.

९० किंवा १०० मिमीची मॅक्रो लेन्स (अगदी जवळून मोठं टिपणारी) उत्तम. ५० मिमीच्या लेन्सला ३६ मिमीच्या एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधल्या पोकळ कड्या) लावूनही अळंबी सेन्सरवर प्रत्यक्षाच्या सुमारे ०.७ पट उतरते. मात्र लेन्स इतकी जवळ जाते की तिचीच सावली पडते.

सगळी गंमत आणि सगळी अडचण डेप्थ ऑफ फील्डची, म्हणजे पुढून मागे किती भाग स्पष्ट येतो त्याची आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर १:१ ला (वस्तू सेन्सरवर प्रत्यक्षाएवढी उतरते तेव्हा) एफ/८ वर जेमतेम १ मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. टोपीची पुढची कड धारदार आली की देठ धूसर होतो. मग बरेच जण लेन्सचं छिद्र बारीक करून एफ/२२ करतात. पण १:१ ला छिद्र प्रत्यक्षात एफ/४४ सारखं वागतं आणि डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) अख्खा फोटोच मऊ पडतो. उपाय स्टॅकिंगचा, म्हणजे फोकस सरकवत घेतलेले अनेक फोटो एकत्र जोडण्याचा. एफ/५.६ ठेवा, फोकस रेलवर (कॅमेरा बारीक टप्प्यांनी सरकवणाऱ्या पट्टीवर) ०.४ मिमीच्या टप्प्याने पुढे सरका. १० मिमीच्या टोपीला २५-३० फ्रेम लागतात. सुरुवात जवळच्या कडेच्या किंचित अलीकडून करा आणि पलीकडची कड आली की थांबा. मागची पानंही धरलीत तर अळंबी त्यात हरवून जाते. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअल हवेत, नाहीतर फ्रेमागणिक रंग बदलतो. झेरीन किंवा हेलिकॉन या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम जोडताना कडांभोवती फिकट वलय दिसलं, तर मधेच वारा आला होता किंवा टप्पे मोठे झाले होते.

दाट झाडीत आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २०० ला शटर अर्ध्या सेकंदापर्यंत जातं. दोन सेकंदांचा टायमर लावा, इलेक्ट्रॉनिक शटर वापरा, स्टॅबिलायझेशन बंद ठेवा. वाऱ्याच्या बाजूला छत्री उघडून ठेवा, पण ती पांढरी किंवा पारदर्शकच हवी. लाल-निळ्या छत्रीचा रंग ओल्या टोपीवर लगेच उतरतो.

उजेडाला महागडं काही लागत नाही. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाची चंदेरी बाजू टोपीखाली तिरकी धरली की काळोखातले पडदे उजळतात. छोट्या एलईडीवर बटर पेपरचे दोन थर लावून उजेड मागून दिला तर पातळ टोपी कंदिलाच्या काचेसारखी पेटते आणि प्रत्येक पडद्याची रेघ मोजता येते. समोरून थेट फ्लॅश नकोच, ओल्या टोपीवर पांढरा डाग पडतो. पानांतून गाळून आलेल्या उजेडाची हिरवट झाक काढायला पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (रंग जुळवायला वापरतात तो करडा पुठ्ठा) धरा.

वाळून गुंडाळलेला मॅरास्मियस पाऊस पडला की पुन्हा उमलतो, त्यामुळे सरीनंतर थांबण्यात फायदा असतो. शाईछत्र्या नावाच्या अळंब्यांना मात्र पहाटेच गाठावं. काही तासांत त्यांची काळी शाई होते.

एसी गाडीतून उतरल्यावर कॅमेरा अर्धा तास बंद पिशवीतच राहू द्या, नाहीतर काचेवर बाष्प धरतं. आडवं होण्याआधी पालापाचोळा काठीने हलवून पाहा; तिथे विंचू आणि छोटे विषारी सापही असतात. जळवांसाठी लांब मोजे हवेतच.

ओळखीसाठी अळंबी उपटू नका. दंतवैद्याकडे असतो तसला छोटा आरसा टोपीखाली सरकवा, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा आणि पडदे देठाला कसे जोडलेत ते आरशातून टिपा.