आधी दूध तोडलं, मग केमो

छातीत गाठ हाताला लागली तेव्हा लेक अंगावर पीत होती. दूध साकळलं असेल, शेक घे, असं सगळे म्हणाले, आणि बहुतेकींचं ते तसंच असतं. पण दुधाची गाठ शेकून, पाजून विरते. माझी जागची हलेना, आणि दुखतही नव्हती. मग सोनोग्राफी, मॅमोग्राफी, सुईने तुकडा काढून बायोप्सी. हे सगळं पाजत असतानाही करता येतं. त्यासाठी थांबू नये.

रिपोर्टात स्तनाचा कॅन्सर निघाला. त्याच्या पेशींवर ईआर, पीआर (हार्मोनला प्रतिसाद देणारे) आणि हर-टू (वाढीचं एक प्रथिन) तिन्ही निगेटिव्ह, यालाच ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. म्हणजे हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग नाही. आधी केमो, मग ऑपरेशन, आणि काखेतही पसरलेला असल्यामुळे पुढे रेडिएशन.

केमोची औषधं दुधात उतरतात, म्हणून पाजणं बंद करावं लागलं. केस जाण्याबद्दल प्रत्येकाने धीर दिला, याबद्दल कुणीच काही बोललं नाही. रात्री लेक माझ्या गाऊनचा गळा ओढून रडायची आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायची, छाती दगडासारखी. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "तू आत झोप, ही माझ्याजवळ." विचारलं नाही, सांगितलं. थोड्याच दिवसांत ती रात्री दचकून उठली की आजीलाच हाक मारायला लागली. मला हायसंही वाटायचं आणि सासूबाईंचा रागही यायचा. हा राग कुणाला सांगायचा?

केस पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत जातात, मी त्याआधीच काढून टाकले. लेकीला टक्कल फार आवडलं.

"काही लागलं तर सांग" म्हणणारे खूप होते. सांगण्याइतकी ताकदच नसते हो! उपयोग झाला तो कामं उचलणाऱ्यांचा. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना ताप १००.४ वर गेला की लगेच हॉस्पिटल गाठायचं असतं, रात्र असो की पहाट. थर्मामीटर आणि तयार बॅग नवऱ्याच्या ताब्यात होती. लेकीचं नाक वाहायला लागलं की नणंद तिला आपल्या घरी न्यायची. आई केमोच्या खुर्चीशेजारी बसून रडायची, म्हणून तिला मीच घरी थांबवलं. ती रागावली, पण आमच्या दोघींच्या दृष्टीने तेच बरं झालं.

केमोच्या लाल औषधाने लघवी लाल होते, हे नर्सने आधी सांगितलं म्हणून घाबरले नाही. पुढच्या पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाने मात्र बोटं बधिर झाली, लेकीच्या फ्रॉकची बटणं लावता येईनात. ऑपरेशननंतर तिला उचलायची बंदी, तर ती स्वतःच पलंगावर चढायला शिकली. रेडिएशनच्या वेळी घरात एकच प्रश्न: हिला जवळ घेऊ का? बाहेरून दिलेलं रेडिएशन अंगात राहत नाही, खुशाल घ्या, असं डॉक्टर म्हणाले.

वय कमी, त्यात ट्रिपल निगेटिव्ह, म्हणून मधल्या काळात जनुकांची तपासणीही झाली होती. बीआरसीए-१ या जनुकात स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा दोष निघाला आणि दोन्ही स्तन काढायचं ठरलं. "आईकडे तर कुणालाच नाही," असं नातेवाईक म्हणत राहिले. हा दोष वडिलांकडूनही येतो. बहिणीनेही तपासणी करून घेतली. तिच्यातही तो निघाला, आता तिचं दर वर्षी एमआरआय असतं. लेकीची तपासणी इतक्यात करायची नसते. ती मोठी झाली की करायची का, ते तीच ठरवेल.