वहीचे मागचे पान

परवा दुपारी पुस्तकांचे कपाट आवरताना शाळेतली एक वही हाती लागली. तिच्या मागच्या पानावर, गणिताच्या कच्च्या आकडेमोडीखाली, मी त्या वयात ठरवलेले जगातले दहा थोर गायक अजून शाबूत होते. कागद दोन ठिकाणी खोडरबराने झिजून फाटला आहे, कारण पाचव्या आणि नवव्या क्रमांकावर कोण, याविषयी थोरल्या भावाचे आणि माझे कधीच जमले नाही. मी शाळेतून परत येईपर्यंत नाव बदललेले असे. यादीला निकष म्हणावा असा एकच होता. ज्या कॅसेटची फीत टेपरेकॉर्डरमध्ये वारंवार गुंतत असे आणि पेन्सिल घालून पुन्हा गुंडाळावी लागे, तिच्या गायकाला त्या श्रमांपोटी मी एक क्रमांक वर चढवत असे.

अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमची, म्हणजे रॉक संगीतातल्या थोरांना मान देणाऱ्या संस्थेची, यादी वाचताना मला याच पानाची आठवण होते. तिथे निदान पात्रतेचा नियम आहे: पहिली ध्वनिमुद्रिका निघून 25 वर्षे झालेली असावीत. पुढचा सगळा कारभार मतदारांच्या मर्जीचा. गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांना दोन वाद्यवृंदांबरोबर आणि एकदा स्वतंत्रपणे असा तीन वेळा मान मिळाला. शिक या वाद्यवृंदाचे नाव अकरा वेळा पुढे आले आणि अकराही वेळा मागे पडले. अखेर 2017 मध्ये त्यांच्यापैकी एकट्या नाइल रॉजर्स यांना वेगळ्या वर्गातून आत घेतले गेले. चेहरे रंगवून गाणारे किस 1999 पासून पात्र असूनही 2014 पर्यंत ताटकळले. सेक्स पिस्टल्स या बंडखोर पंक वाद्यवृंदाने 2006 मध्ये आलेला मान धुडकावला, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच झाले. कंट्री संगीताच्या गायिका डॉली पार्टन यांनी मात्र 2022 मध्ये, आपण या मानास पात्र नाही, असे नम्रपणे कळवले, तरीही त्यांची निवड झालीच; मग दुसऱ्या वर्षी रॉकचा आख्खा अल्बम काढून त्यांनी जणू ती उधारी फेडली.

खुसपटे काढण्यात मी कोणाला हार जाणार नाही. जॅझचे ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस इथे कशासाठी, असे मी तावातावाने विचारतो आणि त्याच दमात, डिस्कोवाल्या शिकला बाहेर का ठेवले म्हणून भांडतो. ही दोन मापे माझ्याच हातात आहेत, हे भावाने पूर्वीच दाखवून दिले होते.

पण एका नावापाशी माझे हसू थांबते. 1986 च्या पहिल्या मानकऱ्यांत चक बेरी, रे चार्ल्स, एल्विस प्रेसली होते आणि लिट्ल रिचर्डही होते. स्त्री एकही नव्हती. याच रिचर्ड यांना 1947 मध्ये, ते पोरसवदा असताना, सिस्टर रोझेटा थार्प यांनी आपल्या कार्यक्रमात रंगमंचावर बोलावून गायला लावले होते. देवाची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर अशी काही वाजवणाऱ्या या बाई की पुढच्या कित्येक रॉकवाल्यांनी त्यांच्याकडून उचल केली. त्या 1973 मध्ये गेल्या आणि त्यांच्या थडग्यावर कित्येक वर्षे नावाचा दगडही नव्हता. हॉल ऑफ फेमला त्यांची आठवण झाली 2018 मध्ये, तीही 'आरंभीचे प्रभाव' या बाजूच्या वर्गात. बोलावणारी बाई बोलावलेल्या मुलानंतर 32 वर्षांनी पोचली. वरातीमागून घोडे म्हणतात, ते असे.

वही मिटून मी त्यांचे 1964 सालचे चित्रीकरण लावले. मँचेस्टरमधले बंद पडलेले रेल्वे स्थानक, नुकताच पाऊस होऊन गेलेला, श्रोते रुळांपलीकडच्या फलाटावर बसलेले. बाई घोडागाडीतून येतात, लांब कोट तसाच अंगावर ठेवून पांढरी गिटार गळ्यात अडकवतात आणि ओल्या फलाटावर उभ्या राहून अशी तार छेडतात की पलीकडचे लोक टाळ्यांनी ताल धरू लागतात. ते मी लागोपाठ तीनदा पाहिले. कपाट तसेच राहिले.