नाद सुटायला दोन वर्षं लागली

कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड काढलं तेव्हा त्याच्या पंख्यांवर धुळीचा जाड थर बसला होता. ब्रशने साफ केलं, मूळ खोक्यात घातलं आणि मावसभावाला देऊन टाकलं. पंचवीसेक वर्षांचा माझा गेमचा नाद त्या दिवशी संपला असं घरचे म्हणतात. खरं तर त्याआधी दोन वर्षं तो सुटतच होता, आणि ती दोन वर्षं फार विचित्र गेली. मन केव्हाच उडालं होतं, हात मात्र रोज रात्री खेळत होते. अशाच अवस्थेत कुणी असेल तर त्याला हे वाचून थोडी सोबत होईल, म्हणून जे झालं ते लिहिते आहे.

मला गोडी लावली दादाने, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ दाखवून. जॉर्डन मेकनर या तरुणाने जवळजवळ एकट्याने बनवलेला हा गेम १९८९ साली आला. आमच्या हाती पडला तेव्हा तो चांगलाच जुना झाला होता. तळघरातून निघून राजकन्येपर्यंत पोचायला ६० मिनिटं, आणि ती अगदी घड्याळावरची ६० मिनिटं. राजपुत्राचं पळणं, कडेला लोंबकळून वर चढणं इतकं जिवंत वाटायचं, कारण मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं होतं आणि त्यावरून एकेक हालचाल उतरवून घेतली होती. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळायचं की उडी चुकली की पोटात खड्डा पडतो.

चौथ्या लेव्हलला वाटेत एक आरसा येतो. त्याच्यातूनच उडी मारावी लागते, आणि उडी मारली की राजपुत्राची सावली आरशातून बाहेर पडून उलट्या दिशेला पळून जाते. मग ती अधूनमधून आडवी येत राहते आणि बाराव्या लेव्हलला तलवार उपसून समोर उभी ठाकते. मी तिच्यावर वार करायचे आणि जीव माझाच कमी व्हायचा. असं कितीतरी दिवस चाललं. दादाला उत्तर ठाऊक होतं. तो खुर्चीमागे उभा राहून बघायचा, पण “तूच बघ” यापलीकडे चकार शब्द काढायचा नाही. एका दुपारी थकून मी तलवार म्यान केली. सावलीनेही केली. मी पुढे चालत गेले आणि आम्ही एकमेकांत मिसळून गेलो. हे लिहितानाही अंगावर काटा आला. ती सावली जन्मली तीही अडचणीतून: नव्या पात्राची चित्रं ठेवायला मेमरीत जागा उरली नव्हती, म्हणून मेकनरने राजपुत्राचीच चित्रं वेगळ्या तऱ्हेने दाखवली. तलवार म्यान केली त्या दुपारी मला जे मिळालं, त्याच्याच मागे मी पुढची सगळी वर्षं होते.

मधली वर्षं भराभर सांगते. ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग १९९९ चा, तो आम्ही दोघांनी कॉलेज संपेपर्यंत खेळला. ‘सिव्हिलायझेशन’ने परीक्षेच्या आदल्या रात्री खाल्ल्या. नोकरी लागली, पहिल्या बोनसमधून चांगलं मशीन बांधलं, आणि मग ‘डार्क सोल्स’ आला.

त्याबद्दल मात्र थांबून लिहायला हवं. त्यात ऑर्नस्टीन आणि स्मो अशी बॉसची, म्हणजे हरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही अशा मोठ्या शत्रूंची, जोडी आहे. एक सडपातळ, भालेवाला, क्षणात अंगावर येणारा. दुसरा अगडबंब, हातोडा घेऊन सावकाश चालणारा. दोघं एकाच वेळी समोर. एकाला मारलं की दुसरा त्याची ताकद शोषून घेतो आणि जीव पूर्ण भरून पुन्हा उभा राहतो. मी नऊ रात्री त्यांच्याकडून मार खाल्ला. पहिल्या दोन रात्री नुसती घाबरत होते. तिसऱ्या रात्री लक्षात आलं की दालनातले खांब आपल्या कामाचे आहेत. एकाला खांबाआड अडकवलं की दुसऱ्याशी दोन घटका एकटं लढता येतं. पाचव्या रात्रीपर्यंत भालेवाला झेप घेण्याआधी किती थांबतो हे कानांना कळायला लागलं होतं. लोळण घेताना मधला एक निमिष असा असतो की त्यात आपल्याला वार लागतच नाही. तो निमिष बोटांना सापडला तेव्हा मला काही विचार करावाच लागला नाही. हात बसला होता. नवव्या रात्री दोघंही पडले आणि मी हेडफोन काढून अंधारात नुसती बसून राहिले. हृदय धडधडत होतं. कामात, अभ्यासात, कुठेच मला शिकण्याची अशी चव आली नव्हती.

घसरण कधी सुरू झाली ते नेमकं सांगता येत नाही, पण कशी झाली ते सांगता येईल. जबाबदाऱ्या वाढल्या, खेळायला तास-दीड तास उरू लागला, आणि एवढ्या थोड्या वेळात चुकणं परवडत नाही असं मला वाटू लागलं. मग शेजारच्या स्क्रीनवर गाइड उघडून ठेवायची सवय लागली. कुठल्या खोलीत काय दडलंय, कुणाशी काय बोललं की चांगला शेवट मिळतो, सगळं आधीच वाचलेलं. मोठमोठे गेम घेतले. त्यांचे नकाशे चिन्हांनी गच्च भरलेले असायचे आणि मी धुण्याचा ढीग उपसावा तशी एकेक चिन्ह पुसत जायचे. शंभर टक्के पूर्ण झाल्याचा संदेश यायचा आणि काहीच वाटायचं नाही. दादा मागे उभा राहून गप्प बसायचा त्याची किंमत मला तेव्हा कळली नाही. गाइड उघडलं त्या दिवशीच माझं खेळणं खरं तर थांबलं होतं.

त्याच सुमाराला एका ऑनलाइन गेममध्ये शिरले. त्याचं नाव लिहीत नाही, कारण अशा बऱ्याच गेमची बांधणी तीच असते. रोज लॉगिन केलं की बक्षीस, सलग दिवसांची मोजणी, रोजची तीन कामं, आठवड्याची सात, आणि दहा आठवड्यांचा सीझन संपला की न मिळवलेल्या वस्तू गायब. वर बंद पेट्या: आत काय निघेल ते नशिबावर. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर आणि उंदरांवर केलेले प्रयोग मी नंतर वाचले. प्रत्येक वेळी दाणा मिळतो तेव्हापेक्षा कधी मिळेल याचा नेम नसतो तेव्हा प्राणी कळ जास्त चिकाटीने दाबत राहतो. त्या पेट्या नेमक्या यावर चालतात. २०१८ साली बेल्जियममध्ये जुगार नियामकांनी काही गेममधल्या अशा पेट्या सरळ जुगारात मोडतात असं ठरवलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं. तरी रात्री घरी येऊन मी पेटी उघडलीच.

आई म्हणाली, “हे व्यसनच गं.” तो शब्द लागला. मी मुद्दाम शोधून वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार आहे, आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणं, नुकसान होतंय हे दिसूनही चालू ठेवणं, आणि हे साधारण बारा महिने टिकणं, अशी ती लक्षणं. ज्यांना ती लागू पडतात त्यांनी डॉक्टरांकडे जावं, लाजू नये. माझं तसं नव्हतं. नोकरी, झोप, माणसं, सगळं जागेवर होतं. मला खेळायची ओढच वाटत नव्हती आणि तरी मी खेळत होते. याला काय म्हणतात ते मला अजूनही कुठे वाचायला मिळालेलं नाही.

पहिल्यांदा सोडलं ते रागाच्या भरात. एका रविवारी सगळे गेम उडवले. अकराव्या दिवशी परत उतरवून घेतले, आणि सगळं होतं तसं मिळालं, कारण सेव्ह केलेलं सर्व्हरवर सुखरूप होतं. दुसऱ्यांदा वेळेचं बंधन घातलं: रोज एक तास, गजर लावून. हा उपाय बरेच जण सुचवतात, पण मला तो उलटाच लागू पडला. वेळ कमी झाल्यावर मी आवडीचं ठेवून बाकीचं टाकायला हवं होतं ना? मी नेमकं उलट केलं. तो अख्खा तास रोजची तीन कामं उरकण्यात जायचा आणि मजेचं खेळणं तेवढं उद्यावर पडायचं. दोन आठवड्यांनी हे लक्षात आलं तेव्हा मला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं की मी खेळ जपतच नव्हते. मी हजेरी जपत होते.

म्हणून मग तीच मोडायची ठरवली. माझी मोजणी तेव्हा २१४ दिवसांवर होती. ती रात्र मला आठवते. गेमचा दिवस रात्री साडेबाराला बदलायचा. बाराला मशीन चालू होतं, गेम बंद होता, आणि मी हात मांडीखाली घेऊन बसले होते. लॉगिनला मिनिटभर लागतं, त्यामुळे बारा एकोणतीसपर्यंत वेळ आहे हा हिशोब डोक्यात आपोआप चालू होता. साडेबारा वाजून गेले. काहीही झालं नाही. दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलं तर २१४ च्या जागी १ होता, आणि खाली लिहिलेलं होतं की इतकी नाणी द्या, मोजणी पूर्ववत करून मिळेल. मला संताप आला. सात महिने जिला मी माझी चिकाटी समजत होते ती तिथे विकायला ठेवली होती. त्या दिवसानंतर तो गेम सोडणं अवघड गेलं नाही.

अवघड गेली ती माणसं. आमच्या क्लॅनमध्ये, म्हणजे गेममध्ये नेहमी एकत्र खेळणाऱ्या गटात, सहाजण होतो. त्यातल्या एकाला सगळे मास्तर म्हणायचे, कारण नवीन माणसाला तो न चिडता शिकवायचा. तीन वर्षांत मी त्याचा चेहरा पाहिला नव्हता, पण त्याच्या वडिलांचं आजारपण, माझं नोकरी बदलणं, सगळं आम्ही हेडफोनवर, मधेमधे गोळीबार करत बोललो होतो. काही न सांगता निघून जाणारे खूप असतात. एके रात्री ते ऑफलाइन जातात, यादीतलं नाव करडं होतं आणि मग कायमचं करडंच राहतं. मला तसं जायचं नव्हतं.

“मास्तर, मी सोडतेय,” मी सांगितलं.

“गेम सोडतेयस की आम्हाला?”

मला पटकन उत्तर देता आलं नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, “बरं, नंबर दे. रविवारी फोन करेन.” मला वाटलं, म्हणायला म्हणतोय.

सगळं सोडण्याआधी एक गेम मनापासून खेळायचा असं ठरवलं होतं. ‘आउटर वाइल्ड्स’ निवडला, २०१९ सालचा. एक छोटी सूर्यमाला, लाकडी पट्ट्यांचं वाटावं असं यान, आणि २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होऊन सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यात तलवार नाही, नाणी नाहीत, पातळी वाढत नाही. पहिल्या मिनिटाला जे यान असतं तेच शेवटच्या मिनिटाला. वाढतं ते फक्त आपल्याला कळलेलं. दुसरी स्क्रीन मी बंद करून कपाटात ठेवली आणि वही घेतली. त्या वहीची चाळीस पानं भरली: बाण, प्रश्नचिन्हं, चुकलेले अंदाज, एका ग्रहावर वाळू केव्हा किती उतरते याचं वेळापत्रक. एकदा तर ऑफिसच्या मीटिंगमध्ये अचानक एक दुवा जुळला आणि मी टेबलाखाली मूठ आवळली. कितीतरी वर्षांनी तलवार म्यान केल्याचा तो क्षण परत आला होता. त्यातलं रहस्य इथे सांगत नाही. ज्यांनी खेळला नसेल त्यांच्याकडून मी ते हिरावून घेणार नाही. आणि एकदा कळल्यावर तो गेम पुन्हा तसा खेळताच येत नाही. शेवटची नावं वर सरकत असताना मला रडू आलं, आणि त्याच आठवड्यात मी मावसभावाला फोन केला.

नंतरचे दोन-तीन महिने रिकामे गेले. नऊ ते अकरा हा वेळ अंगावर यायचा. मी दुसऱ्यांचे खेळतानाचे व्हिडिओ बघू लागले, तेही रात्री एकपर्यंत, आणि ते खेळण्यापेक्षा वाईट होतं, कारण त्यात हातांना कामच नव्हतं. फोनमधून ते काढायला वेगळा प्रयत्न करावा लागला. त्या दोन तासांचं मी काही मोठं केलेलं नाही. लवकर झोपते. आईशी बोलते. वही अजून आहे, ती कधी कधी चाळते. अकाउंट बंद केलेलं नाही. स्टीमवर, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या माझ्या खात्यावर, ‘डार्क सोल्स’पुढे ४१२ तास लिहिलेले आहेत, ते तिथेच असू देत.

मास्तरचा फोन मात्र येतो, दर रविवारी. मागच्या महिन्यात त्यानेही तो ऑनलाइन गेम बाजूला ठेवून माझ्या सांगण्यावरून ‘डार्क सोल्स’ घेतला. परवा फोनवर बोलताना मागून बटणांचा खटखट आवाज येत होता. मध्येच तो थांबला.

“मेलो परत. एक भाला, एक हातोडा. काय लोक आहेत हे!”

“मास्तर, ऐक, ते खांब आहेत ना, त्यांच्या...”

“सांगू नकोस गं. बघू दे मला.”

मी गप्प बसले. फोन तसाच चालू होता, पलीकडे बटणं वाजत होती, आणि मी अर्धा तास ऐकत राहिले.