थांब, मी यायलो

शनिवार, रात्री साडेबारा

आज फोनवरच्या खेळात सलग चार सामने हरलो. पहिल्या तीन पराभवांबद्दल माझी काहीच तक्रार नाही, कारण त्या तिन्ही वेळा समोरचे लोक आमच्यापेक्षा सरस होते. चौथ्या सामन्यात जे घडले ते मात्र लिहून काढल्याशिवाय झोप येईल असे वाटत नाही.

बीजीएमआय या नेमबाजीच्या खेळाचा एरँगल नकाशा होता. ज्याच्या आतच जगता येते ते शेवटचे वर्तुळ आकसत चालले होते, शंभरांपैकी नऊ जण उरले होते आणि आमच्या चौघांपैकी तिघे जिवंत होते. मी उघड्या माळावरून एका पडक्या घराच्या भिंतीकडे धावत सुटलो. भिंतीआड पोहोचलो, खाली बसलो, बंदुकीत गोळ्या भरायला सुरुवातही केली, आणि त्यानंतर कोसळलो. ज्या बाजूने गोळी आली त्या बाजूला माझ्या पडद्यावर तेव्हा सबंध भिंत होती. कोपऱ्यातला पिंगचा, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेचा, आकडा लाल झाला होता, १८० मिलिसेकंद.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे हे असे का होते ते मला ठाऊक आहे. पण ठाऊक असल्याने राग कमी होत नाही. अशा खेळांत आपल्या फोनवर जे दिसते तो अंदाज असतो आणि निकाल सर्व्हर, म्हणजे खेळ चालवणारा दूरचा संगणक, देतो. सर्व्हरकडून उत्तर येईपर्यंत खेळाडूला ताटकळत ठेवायला नको म्हणून त्याचे यंत्रच त्याची पुढची हालचाल आधी दाखवून मोकळे होते. १९९६ साली ‘क्वेकवर्ल्ड’ या खेळात ही युक्ती वापरली गेली आणि तेव्हापासून इंटरनेटवरचे नेमबाजीचे खेळ खेळण्याजोगे झाले. तिच्या जोडीला दुसरी युक्ती आली: नेमबाजाने घोडा दाबला त्या क्षणी त्याच्या पडद्यावर लक्ष्य कुठे होते, हे सर्व्हर घड्याळ किंचित मागे नेऊन तपासतो. ती नसती तर प्रत्येकाला आपल्या पिंगचा हिशेब करून रिकाम्या जागेवर नेम धरावा लागला असता. तेव्हा आज ज्याने मला मारले, त्याच्या फोनवर मी खरोखरच उघड्यावर धावत होतो आणि माझ्या फोनवर मी खरोखरच भिंतीआड होतो. दोघांनीही डोळ्यांनी पाहिलेलेच सांगितले असते, तरी निकाल एकाच्याच बाजूने लागणार होता.

रविवार, दुपारी

सकाळी वर्गासाठी उदाहरणे काढता काढता कालचा तो आकडा पुन्हा मनात आला आणि मी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडले. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर मुंबईत आहे असे धरले आणि परभणी ते मुंबई अंतर सुमारे ५०० किलोमीटर मानले, तर प्रकाशाला जायला अडीच आणि यायला अडीच असे एकूण ५ मिलिसेकंद पुरतात. केबल वळणावळणाने दुप्पट लांबून आली असे मानले तरी १०. माझ्या पडद्यावर दुपारी ६० ते ७० दिसतात आणि रात्री नऊनंतर, जेव्हा सगळी गल्ली फोन हातात घेते, तेव्हा १८०. उरलेला सगळा वेळ राउटरशी बोलण्यात आणि मधल्या यंत्रांपुढच्या रांगांत जातो.

हे उत्तर पाहून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. आम्ही मुंबईपासून दूर आहोत म्हणून आमच्यापर्यंत गोष्टी उशिरा येतात, असे मी लहानपणापासून ऐकत आलो. रस्ता, पाणी, रेल्वे, वीज यांच्याबाबत ‘अनुशेष’ हा शब्द आमच्या घरी बोलण्यात इतका सहज येई की तो सरकारी शब्द आहे हे मला फार पुढे कळले. वहीतले गणित सांगते की अंतराचा वाटा ५ मिलिसेकंदांचा आहे आणि बाकीचे सगळे थांबणे आहे. खेळापुरती का होईना, ही गोष्ट मला आकड्यात दिसली.

दुपारी कनेक्शनवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “सर, स्पीड तर पूर्ण येतोय ना?” वेग आणि विलंब या दोन निराळ्या गोष्टी आहेत, रुंद रस्त्यावरही फाटक बंद असले की थांबावेच लागते, हे मी त्याला समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि संध्याकाळी माणूस पाठवतो म्हणाला. माणूस आला नाही.

मंगळवार, रात्री अकरा

इतका मनस्ताप होतो तर खेळतोस कशाला, असे पत्नीने काल विचारले. तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता, म्हणून मी आज दिवसभर खरे उत्तर शोधत होतो.

पहिल्यांदा आठवले ते तेव्हाच्या औरंगाबादेतले, औरंगपुऱ्याकडचे एक सायबर कॅफे. २००७ साल असावे. आम्ही चौघे बी.एस्सी.ला होतो, एकाच खोलीत राहत होतो, आणि तासाला पंधरा रुपये देऊन ‘काउंटर-स्ट्राइक १.६’ खेळायचो. हा खेळ १९९९ साली ‘हाफ-लाइफ’ या दुसऱ्या खेळात हौशी लोकांनी केलेल्या बदलांतून जन्माला आला, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हते. ‘डस्ट २’ या नकाशातली प्रत्येक कमान, प्रत्येक पेटी आणि कोणत्या दारामागे कोण दबा धरून बसेल, एवढे मात्र पाठ होते. त्या खेळात एकदा मेले की फेरी संपेपर्यंत परत येता येत नाही. मेलेल्याने मान पुढे काढून जोडीदाराचा पडदा बघत बसायचे. सगळे संगणक एकाच खोलीत एकमेकांना जोडलेले असल्याने विलंब नावाला नव्हता. गोळी लागली की लागली, आणि ज्याने मारली तो दोन खुर्च्या सोडून बसलेला असे. त्याच्यावर रागावता येई आणि बाहेर आल्यावर त्याच्याबरोबरच चहाही पिता येई.

मग चौघे चार दिशांना गेलो. एक हैदराबादला, एक पुण्याला, एक मुंबईला आणि मी परभणीला, घरी. लग्ने झाली, मुले झाली, एकमेकांच्या घरच्या कार्यांना जाणे कमी होत गेले. आम्हा पुरुषांना काम नसताना एकमेकांना फोन करण्याची सवय नाही, हे मी आमच्या चौघांपुरते तरी नक्की सांगू शकतो. फोन लावला की “बोल, काय काम होतं?” असा प्रश्न येतो, आणि काम नसले की बोलणे दोन मिनिटांत आटोपते. मार्च २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला आणि आमच्या हाती एक काम आले. रात्री दहा वाजता चौघांनी विमानातून उडी मारायची. उडी मारताना हैदराबादचा मित्र दर वेळी म्हणतो, “बनी तो बनी, नहीं तो परभणी.” आमच्या गावावरची ही जुनी म्हण तो माझ्याच कानात म्हणतो आणि मला ती दर वेळी आवडते.

२ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल गेला. ते करोनाचे दिवस होते. चौघेही घरात कोंडलेले होतो आणि बोलायला वेळच वेळ होता, तरी आम्ही बोलेनासे झालो. गटावर सकाळची फुलांची चित्रे तेवढी येत. २ जुलै २०२१ ला खेळ भारतीय रूपात बीजीएमआय म्हणून परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा ॲपच्या दुकानांतून निघाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. मधल्या एका खंडात मुंबईच्या मित्राचे वडील गेले आणि मला ते तेराव्यानंतर कळले. खेळ सुरू असता तर पहिल्याच रात्री, तो आला नाही म्हणून, आम्ही कारण विचारले असते.

पत्नीला मी एवढेच सांगितले की तिथे माझे मित्र असतात. ती म्हणाली, मग तसे म्हण ना, गोळ्यांचे आवाजच मला ऐकू येतात.

तिचेही बरोबर आहे. बाहेरून पाहणाऱ्याला गोळीबारच दिसतो. प्रत्यक्षात तीसएक मिनिटांच्या सामन्यात गोळीबार दोन-तीन मिनिटांचा असतो आणि बाकीचा वेळ चालण्याचा, शोधण्याचा, वाट पाहण्याचा असतो. एरँगलची बेटे आठ किलोमीटर लांब आणि आठ किलोमीटर रुंद अशा चौकोनात बसवलेली आहेत, म्हणजे ६४ चौरस किलोमीटर. आपला आठ जिल्ह्यांचा मराठवाडा साधारण याच्या हजारपट आहे. त्या चौकोनात शंभर माणसे विखुरलेली असतात आणि बराच वेळ कोणीच भेटत नाही. एकाने औषधे द्यायची, दुसऱ्याने गोळ्या वाटून घ्यायच्या, तिसऱ्याने गाडी आणायची, आणि हे करता करता सोयाबीनचा भाव, मुलाचा दहावीचा निकाल, बदलीचा अर्ज हे सगळे बोलून होते. मध्येच उजव्या कानात पावलांचा आवाज येतो आणि चौघेही एकदम गप्प होतात. त्या शांततेत माझे मन जितके एका जागी असते तितके दिवसभरात कुठेही नसते.

आणि मग कोणीतरी पडतो. पडलेल्याला रांगता येते, त्याचे प्राण हळूहळू कमी होत जातात आणि जोडीदाराने जवळ येऊन काही सेकंद बसून उठवले तरच तो वाचतो. उठवणाऱ्याला तेवढा वेळ बंदूक चालवता येत नाही. अशा वेळी हेडफोनमध्ये आवाज येतो: “थांब, मी यायलो.” ज्याला रँक टिकवायची आहे तो येत नाही, आणि त्याने येऊही नये असेच आकडे सांगतात. तरी पुण्याचा मित्र आजवर प्रत्येक वेळी आलेला आहे.

गुरुवार, रात्री साडेदहा

मित्र नसतील तेव्हा अनोळखी लोकांबरोबर खेळावे लागते आणि तिथला अनुभव निराळा असतो. कोणी उतरल्या उतरल्या मरतो आणि निघून जातो. कोणी भिंतीपलीकडचे दाखवणारे किंवा नेम आपोआप धरणारे चोरटे सॉफ्टवेअर वापरतो. अशा माणसाची तक्रार करता येते, परंतु अर्ध्या तासाची मेहनत परत मिळत नाही. ब्राँझपासून एकेक पायरी चढत क्राउनपर्यंत यावे, तर हंगाम संपताच रँक खाली ओढली जाते आणि पुन्हा तोच घाट चढावा लागतो. हे सगळे मी सहन करतो. शिव्या मात्र सहन होत नाहीत.

माझी भाची लातूरला शिकवणीसाठी राहते. ती माझ्यापेक्षा चांगली खेळते, हे मी तिच्याबरोबर पहिल्याच सामन्यात ओळखले होते. सुट्टीत ती आमच्याकडे आली आहे. आज मी तिला सहज विचारले की तू एवढी चांगली खेळतेस, मग माइक कधीच का चालू करत नाहीस. तिने उत्तर दिले नाही. मग मीच हट्ट केला म्हणून तिने अनोळखी स्क्वॉडमध्ये, म्हणजे चौघांच्या गटात, माइक चालू केला आणि “घरात दोन जण आहेत” एवढेच म्हणाली. त्यानंतरच्या मिनिटभरात स्क्वॉडमधल्या दोन अनोळखी मुलांनी तिला जे ऐकवले ते मी इथे लिहिणार नाही. वयाने ती मुले माझ्या वर्गातल्या मुलांएवढीच वाटत होती. भाचीने न रागावता माइक बंद केला, त्यांचे आवाज आपल्या बाजूने बंद केले आणि खेळत राहिली. तिच्या अंगठ्याची ती सवयीची हालचाल पाहून मला जे वाटले त्याला राग हा शब्द अपुरा आहे.

जो खेळ ऐकण्यावर आणि सांगण्यावर उभा आहे, त्यात तिने पहिल्या दिवसापासून मुक्याने खेळायचे आणि तरी जिंकायचे. पिंगचा विलंब माझ्या एकट्याच्या वाट्याचा नसतो, तो सगळ्या गल्लीचा असतो. हे ओझे मात्र निवडून तिच्यासारख्यांवरच टाकलेले आहे. मी दोन्ही मुलांची तक्रार नोंदवली. उद्या बारावीच्या वर्गात ऊष्मागतिकीच्या आधी दहा मिनिटे याच विषयावर बोलणार आहे, मुलांची नावे न घेता, पण खेळाचे नाव घेऊन, म्हणजे त्यांना कळेल की सरांना माहीत आहे.

शनिवार, रात्री एक

मुंबईच्या मित्राची आज रात्रपाळी होती, म्हणून चौथी भाची होती. मी आधीच मित्रांना सांगून ठेवले होते. हैदराबादच्या मित्राने सुरुवातीलाच विचारले, “ताई, उतरायचं कुठं तू सांग.” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “पोचिंकी नको, गर्दी असते. शाळेच्या मागची घरं घेऊ.” पुढची वीस मिनिटे आम्ही तिघे प्रौढ माणसे तिच्या सांगण्यावर चालत होतो. “मामा, दोनशे चाळीस, झाडामागं एक जण.” होकायंत्रावर २४० अंशांवर खरोखरच एक जण होता.

सतरा जण उरले असताना आमच्याकडची वीज गेली. राउटर बंद पडला, फोन मोबाइल डेटावर यायला आणि खेळ पुन्हा जोडला जायला पाऊण मिनिट गेले. परत आलो तेव्हा मी माळावर पडलेला होतो, प्राण संपत आले होते आणि भोवती पांढरा धूर होता. पुण्याचा मित्र धूर टाकून माझ्याशेजारी बसला होता. भाची आणि हैदराबादचा मित्र दोन बाजूंनी राखण करत होते. माझा आवाज पोहोचत नव्हता, तरी तो बोलत होता: “सरांची लाईट गेली असंल. थांब रे, उठवायलो.”

आमचा तिसरा क्रमांक आला. भाची झोपायला गेली. आम्ही तिघे लॉबीत, म्हणजे सामन्याआधी थांबतात त्या पडद्यावर, परतलो आणि पुण्याच्या मित्राने सांगितले की आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन सोमवारी ठरले आहे. कोणत्या डॉक्टरकडे, किती दिवस ठेवणार, घरी कोण थांबणार, असे बोलणे निघाले. घरात अंधार होता, फोनवर आमची तीन पात्रे पाठीवर बंदुका लावून शेजारी शेजारी उभी होती, आणि पाऊण तास झाला तरी पुढचा सामना कोणीच सुरू केला नाही.