तेरा कविता, तेरा खाचा

'टायपोग्राफी, म्हणजे छापील अक्षरांची मांडणी, शिकवताना तुम्ही दरवर्षी ते शंभर वर्षांपूर्वीचं रशियन पुस्तक का दाखवता?' असं विद्यार्थी विचारतात, कधी त्यांचे आईवडीलही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

रशियन कवी मायाकोव्हस्कीच्या तेरा कवितांचं 'आवाजासाठी' हे पुस्तक १९२३ साली बर्लिनमध्ये छापलं गेलं. कविता मोठ्याने म्हणण्यासाठी होत्या. सभेत उभं राहिल्यावर हवी ती कविता चटकन सापडायला हवी, म्हणून पुस्तकाची मांडणी करणाऱ्या एल लिसित्स्की या रशियन कलावंताने पानांच्या उजव्या कडेला पत्त्यांच्या डायरीला असतात तशा पायऱ्यापायऱ्यांच्या खाचा ठेवल्या. प्रत्येक खाचेवर कवितेचं नाव आणि एक चिन्ह. अंगठा ठेवला की कविता समोर! आज आपण फोनवर चिन्हावर बोट ठेवून हवं तिथे पोचतो, त्यामागे मला हाच विचार दिसतो.

आतली पानं तर बघतच राहावीत अशी आहेत. छापखान्यातले खिळे, जाड-बारीक रेघा, काळी आणि लाल शाई, एवढ्यावरच सगळं उभं केलंय. कुठे शब्द तिरका चढतो, कुठे एकच अक्षर अर्धं पान व्यापतं. खिळे जुळवणाऱ्या जर्मन कंपोझिटरला रशियन येत नव्हतं, म्हणून लिसित्स्कीने प्रत्येक पानाचं रेखाटन करून दिलं. पुस्तकावर त्याने स्वतःला चित्रकार म्हटलं नाही, 'पुस्तकाचा रचनाकार' म्हटलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मजकूर आधी आणि सजावट नंतर, ही वाटणीच त्याने मोडली.

हे सगळं मूठभर कलावंतांपुरतं राहिलं असतं. ते छापखान्यांपर्यंत नेलं यान चिकोल्ड या जर्मन टायपोग्राफरने. पाट्या रंगवणाऱ्याचा हा मुलगा, लाइपझिगचा. १९२३ सालचं बाउहाउस या जर्मन कलाशाळेचं प्रदर्शन पाहून तो भारावला आणि १९२५ मध्ये त्याने जर्मन मुद्रकांच्या व्यावसायिक मासिकाचा एक विशेषांक संपादित केला. त्यात लिसित्स्कीचं कामही होतं. म्हणजे बिलं, पत्रकं, जाहिराती जुळवणाऱ्या कामगाराच्या हातात ही दृष्टी पोचली. मजकूर मधोमध बसवण्याची सक्ती गेली, मोकळी जागा रचनेचा भाग झाली, बिनशेपटीचे साधे टाइप पुढे आले. तुमच्या हातातलं कुठलंही माहितीपत्रक पाहा, ते बहुधा याच वळणाचं असेल.

विद्यार्थी मात्र लाल-काळा रंग आणि तिरपी ओळ तेवढी उचलतात. क्राफ्टवर्क या जर्मन बँडने १९७८ च्या रेकॉर्डच्या कव्हरवर तोच थाट वापरला, पण लिसित्स्कीचं नावही छापलं. मी थाटाला कधी गुण देत नाही. हा मजकूर कोण, कुठे, कशासाठी वाचणार, हे आधी विचारते.

चिकोल्डला १९३३ मध्ये नाझींनी अटक केली, मग तो स्वित्झर्लंडमधल्या बाझलला गेला. पुढे आपल्याच जुन्या नियमांतला हट्ट त्याला हुकूमशाहीच्या जवळचा वाटू लागला आणि तो पुन्हा मधोमध मांडणी करू लागला. वर्गात मी हेही सांगते, आणि त्याची दोन्ही काळांतली पानं शेजारी शेजारी ठेवते.