आईला आवाजावरून कळते

मे महिन्यातली गोष्ट आहे, नवतपा सुरू होता, दुपारी घराबाहेर पाय टाकायची सोय नव्हती. कूलर घरघरून राहिला होता आणि मी बरोब्बर त्याच्या तोंडासमोर खुर्ची टाकून सेकिरो हा व्हिडिओ गेम खेळत बसलो होतो. त्यातल्या जेनिचिरो नावाच्या तगड्या शत्रूपाशी अडकून तिसरा दिवस. तेवढ्यात आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "आज बरं वाजून राहिलं रे तुझं." तिनं स्क्रीन पाहिलाच नव्हता, ती आत कैऱ्या चिरत होती, आणि खरं म्हणजे त्या दुपारी पहिल्यांदाच माझं जमून राहिलं होतं.

या गेमबद्दल मला जे सांगायचंय ते सगळं आईच्या त्या एका वाक्यात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात केली.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सेकिरो, पूर्ण नाव सेकिरो: शॅडोज डाय ट्वाइस, २२ मार्च २०१९ ला आला. बनवणारी कंपनी जपानची फ्रॉमसॉफ्टवेअर, डिरेक्टर हिदेताका मियाझाकी, म्हणजे डार्क सोल्स या गेमवालेच. त्या वर्षी गेम अवॉर्ड्समध्ये गेम ऑफ द इयर यालाच मिळालं. आपण एक शिनोबी, म्हणजे निन्जा असतो, वुल्फ नावाचा, आपल्या छोट्या मालकाला वाचवायला निघालेला, आणि सुरुवातीलाच गवताच्या मैदानात हा जेनिचिरो आपला डावा हात कापून टाकतो. तुम्ही कितीही चांगलं खेळा, तिथं हात जातोच. मग त्या जागी लाकडी हात बसतो, त्यात शुरिकेन म्हणजे फेकायची धारदार चकती, फटाके, कुऱ्हाड, छत्री असं काय काय लावता येते. पण खरं काम एकाच तलवारीचं, आणि त्याहून खरं काम कंट्रोलरवरच्या एकाच बटणाचं. एल वन.

शत्रूचा वार आला की एल वन दाबून धरलं तर वार अडतो, आवाज येतो बोदा, एखादं पातेलं पोत्यावर पडल्यासारखा. पण वार अंगाला लागायच्या अगदी त्या क्षणी दाबलं तर डिफ्लेक्ट होतो, म्हणजे परतवला जातो, केशरी ठिणग्या उडतात आणि टण्ण असा कानात शिरणारा आवाज येतो. आईनं हेच ओळखलं होतं. तीन दिवस तिला नुसतं धप धप ऐकू येत होतं आणि त्या दुपारी लागोपाठ सहा-सात वेळा टण्ण टण्ण टण्ण वाजलं.

या गेममध्ये शत्रूचं रक्त कमी करणं हे निम्मंच काम आहे. दुसरा एक पट्टा असतो, पोश्चरचा, म्हणजे तोल समजा. तुम्ही वार करत राहिलात, त्याचे वार डिफ्लेक्ट करत राहिलात की त्याचा पट्टा भरत जातो, आणि पूर्ण भरला की तोल सुटतो, मग रक्त कितीही शिल्लक असू दे, एका घावात काम तमाम. पण तुम्ही घाबरून मागं सरलात, औषध प्यायला लांब पळालात, की तेवढ्या वेळात तो सावरतो आणि भरलेला पट्टा परत उतरायला लागतो. आपल्याला जी गोष्ट सुरक्षित वाटते ना, लांब राहणं, तीच इथं सगळ्यात महाग पडते. मी डार्क सोल्समधून आलेला माणूस, मला लोळण घेऊन मागं जायची सवय, तर दोन दिवस मी तेच करत राहिलो आणि स्क्रीनवर ते लाल जपानी अक्षर पाहत राहिलो, ज्याचा अर्थ मृत्यू.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तर्री पोहे खायला मित्रासोबत गेलो तर तो म्हणे, "काऊन बे, अजून तिथंच हाय का तू?" त्याचं कधीच संपलं होतं. मी म्हणलं, अरे त्याचा स्पीडच इतका आहे की माझी बोटं पोचत नाहीत. तो म्हणाला, "स्पीड नाही पाहायचा ना, मोजायचं असते. तू लेझीमला होता ना शाळेत?"

होतो. पंधरा ऑगस्टसाठी महिनाभर आमच्याकडून करून घ्यायचे, आणि सर एकच गोष्ट ओरडायचे, ठेक्याच्या आधी पाय टाकू नका. उशीर झालेला पोट्टा रांगेत लपून जातो पण घाई केलेला लांबून दिसतो. घरी येऊन परत लावलं आणि पाहिलं तर जेनिचिरोचे वार खरंच मोजता येत होते. त्याच्या वारांची ती लांब साखळी आहे ना, ती आंधळी घाई नाहीच, त्यात मधे एक पोकळी आहे आणि मी दर वेळी त्या पोकळीतच बटण दाबून राहिलो होतो. घाबरून टकाटक एल वन दाबत सुटलं तर गेम उलट तुमची वेळेची फट बारीक करतो, म्हणजे घाईला शिक्षाच ठेवलेली आहे. त्याची उडी येते, तो खाली आदळतो, मग लाल अक्षर चमकतं म्हणजे धोका, आणि आता एक तर तो भोसकणार नाहीतर पाय कापणार. भोसकायला आला तर पुढं घुसून त्याची तलवार पायाखाली दाबायची, खालून आला तर उडी. अर्ध्या सेकंदात ठरवायचं. पहिले वीस वेळा मी अंदाज बांधत होतो, नंतर पाहायला लागलो. त्याचा खांदा वेगळा फिरतो.

आता स्टाईलचं. माझ्या मते लोकं इथंच चुकतात, म्हणतात ग्राफिक्स भारी, किल्ले भारी, तलवारबाजी भारी दिसते. ते तर आहेच. डेव्हिल मे क्राय आठवा, २००१ चा, कॅपकॉमचा, हिदेकी कामियानं केलेला, त्यात तुम्ही किती रुबाबात मारता यावर गेम डीपासून एसपर्यंत अक्षरं द्यायचा, एस सगळ्यात भारी. मलाही तो फार आवडतो. तिथं रुबाब तुम्ही रचता, तलवार, पिस्तूल, परत तलवार, असे आलटून पालटून. सेकिरोमध्ये अक्षर-बिक्षर काही नाही. वेळ बरोबर साधली तरच ते सुंदर दिसते, नाही साधली तर तोच माणूस, तीच तलवार, तोच किल्ला, आणि सगळं कसं खडबडीत आणि केविलवाणं दिसते. सजावट म्हणून वरून लावलेलं काहीच नाही त्यात. म्हणून मी तासन् तास तिथं बसू शकलो, कारण हरतानाही मधे चार सेकंद असे यायचे की त्या चार सेकंदांसाठी परत जावंसं वाटायचं.

आणि लेव्हल वाढवून सुटका होत नाही हे पण आहेच. बाकी गेममध्ये दोन तास छोटे शत्रू मारले की आपण दांडगे होतो, इथं तसं जवळपास काही नाही, मेलात तर उलट बहुतेक वेळा अर्धे पैसे आणि अनुभवाचे अर्धे गुण जातात. सारखं मेलात तर ड्रॅगनरॉट नावाचा रोग पसरतो, आपल्याला मदत करणारी माणसं खोकायला लागतात. पहिल्यांदा तो लाकडी हात देणाऱ्या म्हाताऱ्या मूर्तिकाराला खोकताना ऐकलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं, मी मेलो म्हणून याला त्रास.

तो अवघडपणा कमी करायची सोय असावी का यावर २०१९ मध्ये भरपूर वाद झाला. माझा मामेभाऊ आहे, त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नीट वळत नाहीत. तो शेजारी बसून मला ओरडून सांगतो, "खाली! खाली! आता उडी!" आणि नव्वद टक्के बरोबर सांगतो, डोळा माझ्याहून तेज आहे त्याचा. त्याच्यासाठी वेग थोडा कमी करायचं एक बटण असतं तर माझ्या जिंकण्यातलं काडीभरही कमी झालं नसतं, हे माझं स्पष्ट मत आहे.

तर त्या दुपारी. जेनिचिरोला दोनदा पाडावं लागते, मग तो चिलखत टाकून उघड्या अंगानं तिसऱ्यांदा उभा राहतो आणि विजा फेकायला लागतो. वीज जमिनीवर असताना लागली तर संपलं. पण हवेत उडी मारलेली असताना अंगावर घेतली आणि पाय खाली टेकायच्या आत तलवार फिरवली तर ती वीज त्याच्यावरच उलटते. हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. आदल्या दिवशी नेमकी इथंच लाईट गेली होती, सगळं पहिल्यापासून. या वेळी तो वर उडाला, मी उडालो, मामेभाऊ खुर्चीवरून उठून उभा राहिला, पांढरा प्रकाश माझ्या अंगात आला आणि मी बटण दाबलं. जेनिचिरो थरथरत थिजला. मग मला फक्त चार वेळा टण्ण वाजवायचं होतं आणि ते मी वाजवलं. कंट्रोलर घामानं इतका ओला झाला होता की पुसावा लागला. आत जाऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "कळलं मला, एकदम शांत झालं ना." मग म्हणे जा आता, कूलरमध्ये पाणी टाक.

त्यानंतर गेम संपवला, शेवटच्या इशिन नावाच्या शत्रूनं आठ दिवस घेतले तो वेगळाच विषय, त्यावर कधीतरी सवडीनं लिहीन. २०२० च्या अपडेटमध्ये आपण आधी हरवलेल्या बॉसशी, म्हणजे मोठ्या शत्रूंशी, परत लढायची सोय आली होती, तर परवा पाऊस पडून राहिला होता, काही सुचेना, म्हणून सहज जेनिचिरोवर गेलो. धनुष्य ताणल्याचा आवाज आला, मग बाणांची ती फटफटफट, मग पहिला टण्ण.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "हा तो उन्हाळ्यातलाच ना रे?"